भांड्याच्या खोलीचा अर्थमंत्री

त्या दिवशी सकाळी भाऊ देवळामागच्या खोलीत भात शिजवायचा मोठा गंज पालथा घालून त्याच्यावर बसला होता. आदल्या दिवशी मोहल्ल्यात लग्न झालं होतं, तिथचे भांडे वापस आले होते. एकेक उचलायचा, बोटानं ठोकायचा, कान द्यायचा, बाजूले ठेवायचा. मी चहा घेऊन गेली तं कपाकडं पाह्यलंच नाही. म्हने, "प्रेमा, त्या कढईचं बूड पाह्य वं. काळंच ठेवलं त्यायनं. वापस पाठवजो."

मी म्हनलं, "राहू दे ना गा भाऊ. पोरगी सासरी गेली त्यायची, रडून राहिले असन."

"रडता रडता घासता येते," म्हने.

मंग चहा घेतला. अर्धा कप पेला अन् खाली ठेवला. छातीवर हात ठेवून भिंतीले टेकला. मले वाटलं थकला. हाक मारली तं डोळे उघडले, पन बोलला नाही. प्रशिकचा ऑटो देवळापुढंच उभा राहते, त्यानं अन् मी मिळून भाऊले उचललं. डोकं माह्या मांडीवर होतं. दवाखान्यात पोचलो तं डॉक्टर म्हने, रस्त्यातच गेले.

कढई मी वापस पाठवली. तिसऱ्या दिवशी चकाचक होऊन आली. त्या घरची बाई दारात उभी राहून रडली, पन कढई घासून आनली.

मी चंपतरावची, म्हंजे भाऊची, लहान बहीन, प्रेमिला. आमचे मालक गेले तवापासून भाऊच्या घरी राहते. भाऊची पोरगी भूमिका कॅनडात आहे, तिले तिकीट भेटलं नाही, मातीले येता आलं नाही. ती फोनवर म्हने, आत्या, मी पाह्यलं नाही तं तू सांग, बाबानं काय काय केलं ते सारं सांग, जशी बोलते तसंच टाइप कर. म्हून सांगून राहिली. मोहल्ल्यातल्या नव्या पोरायनंही वाचावं. त्यायले वाटते चंपतराव म्हंजे भांड्यासाठी भांडनारा म्हातारा.

आमचा मोहल्ला नागपुरातच, पन आधी गाव होतं. शहर वाढत वाढत आलं अन् आमच्या भोवतून पुढं निघून गेलं. गावच होतं तवा आमचे आजोबा वारले, अन् तेरवीले भांडे पाह्यजे होते. मोठे गंज, पराती एकाच घरी होत्या. बाबा भाऊले घेऊन त्या घरी गेले. भाऊ तवा लहान, हाफ पँटीतला. त्या घरच्यायनं बस म्हनलं नाही, नाही म्हनलं नाही, अन् हो पन म्हनलं नाही. दोघं बापलेक सकाळपासून ऊन उतरेपर्यंत त्यायच्या अंगनात उभे. शेवटी भांडे देले, पन वरून म्हने, खरकटं राह्यलं तं पाहून घेऊ.

ते भाऊच्या मनातून कधी गेलं नाही. बाबानं पुढच्या वर्षी चार घरं जमवली. ठरलं असं का ज्याच्या घरी लग्न होईन, बारसं होईन, मयत होईन, त्यानं एक भांडं देवळात द्यायचं. ज्याची जशी ऐपत. कोनी गंज, कोनी परात, कोनी नुसता डाव. भांड्यावर नाव टाकून. अन् मंग ते भांडे साऱ्या मोहल्ल्याचे. ज्याले पाह्यजे त्यानं न्यावं, घासून आनून द्यावं, भाडं नाही. त्यासाठी बाबानं देवळामागं खोली बांधली, अन् बाबानंतर ती भाऊकडं आली. तवा त्याले कोराडीच्या पॉवर हाऊसमधी नोकरी लागली होती, कोळशाच्या पट्ट्यावर. संध्याकाळी घरी यायचा तं नुसते डोळे अन् दात दिसायचे. कुसुमवहिनी नवी नवरी होती, ती म्हने, "स्वतः काळे होऊन येता अन् लोकायच्या कढईचं बूड काळं दिसलं तं भांडता."

भाऊ म्हने, "माह्यात कोनाले जेवन शिजवायचं नसते."

असा हजरजबाबी मानूस. नोकरी रिटायर होईपर्यंत केली, पन नोकरीचं कधी सांगत बसला नाही. सांगायचा ते खोलीचं. या खोलीनं किती घरचे कार्य पार पाडले त्याचा हिशोब देवालेच माहीत. सकाळी कोनाच्या घरी मयत झाली अन् मानसं रडून राहिले असले तं भाऊ मातीले जायच्या आधी खोली उघडून गंज काढून ठेवायचा. मांगायले कोनी येऊ नये म्हून. मांगायले यावं लागलं म्हंजे खोलीचा उपयोग काय, असं म्हने.

पन नाही म्हनायचं तं असं म्हनायचा का समोरचा पुन्हा विचारतच नव्हता. एकदा एका पुढाऱ्याच्या सभेले पाचशे लोकायचं जेवन होतं. पोरं आले भांडे न्यायले. भाऊ म्हने, "लग्न आहे का?" नाही. "मयत आहे का?" नाही. "मंग भाषनच खा म्हना." खोलीले कुलूप लावलं अन् घरी आला. देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी. त्यायचं किरान्याचं मोठं दुकान आहे, सदर बाजारातही एक आहे. ते मांगोमांग घरी आले, "चंपतराव, अशानं मोहल्ल्यात रस्ता नाही होनार गा." भाऊ म्हने, "रस्ता झाला नाही तं मानूस चालत येते, पन गंज गेला तं उपाशी राहते."

हनुमान जयंतीले महाप्रसाद झाला का मांडवातच मंडळाची सभा बसायची. भाऊ उभा राहायचा अन् वर्षभरात आलेले भांडे एकेक करून नावानिशी वाचायचा. हातात कागद नसायचा. भांडेच पुढं मांडलेले असायचे, त्यायच्यावरचे नाव वाचायचा. भैय्याजीच्या आईनं देलेला गंज एवढा मोठा का त्यात मानूस बसन. तो ज्या आवाजात वाचला, त्याच आवाजात नाल्यापलीकडच्या एखाद्या म्हातारीचा चमचा. आमचे मालक गेले त्या वर्षी मी एक झारा देला होता. मी मांगं बायायमधी बसली होती. भाऊनं झारा उचलला अन् म्हने, "श्रीमती प्रेमिलाबाई, झारा, पितळी, एक." सख्ख्या बहिनीले श्रीमती. मले तवा एवढं बरं वाटलं का सांगता येत नाही. आलेलं झालं का मंग फुटलेलं, हरवलेलं सांगायचा. हरवनाऱ्याचं नावही घ्यायचा. त्याच्यानंतर लोक घरी जाऊन खाटेखाली शोधायचे अन् दुसऱ्या दिवशी डाव सापडायचा.

भूमिका कॅनडात गेली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. व्हिडिओ कॉलवर म्हने, "बाबा, इथचा अर्थमंत्री बजेट वाचायले जाते तं त्या दिवशी नवे जोडे घालते. इथली जुनी रीत आहे."

भाऊ म्हने, "काहून? जुन्यायनं आकडे चुकतात का?"

कुसुमवहिनीनं ही गोष्ट नळावर सांगतली. नळावरून साऱ्या मोहल्ल्यात गेली. झालं. त्या हनुमान जयंतीले लोकायनं वर्गनी केली अन् सदरच्या जोड्यायच्या दुकानातून भाऊसाठी कोरी चामड्याची चप्पल आनली. भर मांडवात पुढं ठेवली. पोरं ओरडून राहिले, अर्थमंत्री, अर्थमंत्री. भाऊनं चप्पल उलटी करून तळवा पाह्यला. मंग सभेले म्हने, "या खर्चाले मंजुरी कोनं देली?" सारे हसले. पन घातली. नव्या चपलेचा कर्र कर्र आवाज करत उभा राह्यला अन् भांडे वाचले. तवापासून दरवर्षी नवी चप्पल, अन् भाऊचं नाव अर्थमंत्री. पोस्टमन पन विचारायचा, अर्थमंत्री घरी आहेत का.

आता ज्याच्यासाठी मी हे सारं सांगून राहिली ते सांगते.

प्रशिकचे बाबा वारले होते. नाल्यापलीकडच्या गल्लीत त्यायचा जलदान विधी झाला, म्हंजे बौद्धायची तेरवीच म्हना, जेवन झालं, भांडे खोलीतूनच गेले. घासून वापस आले. दुसऱ्याच दिवशी भैय्याजीच्या पोराची, मोहितची हळद. तेच गंज, त्याच पराती तिकडं गेल्या. जेवन शिजून राहिलं होतं अन् कोन्या तरी पाहुनीनं विचारलं, हे भांडे कालच मयतीतून आले ना. झालं, हळदीच्या घरात गोंधळ. एक म्हने अपशकुन, दुसरी म्हने अन् आले कुठून तेही पाहा. शिजलेला भात तसाच राह्यला, कॅटररवाल्याचं जेवन बोलावलं. लग्न तं लॉनवर होतं, ते नीट झालं. नवरी अश्लेषा घरात आली. पन भैय्याजीनं ते मनात ठेवलं.

हनुमान जयंतीच्या आधी मंडळाची बैठक झाली. भैय्याजी म्हने, "दोन हिस्से करू. लग्नाकार्याचे भांडे वेगळे, मयतीचे वेगळे. लाल रंगाचा टिळा शुभ, काळा अशुभ. सोपं आहे."

भाऊ म्हने, "भैय्याजी, पोट एकच आहे. त्याले दोन टिळे कुठं लावता?"

"लोकायच्या भावना असतात गा चंपतराव."

"भावना घरी ठेवा, गंज इथं राहू द्या."

पन हात वर झाले तं भैय्याजीच्या बाजूनं जास्त. भाऊ घरी आला, जेवला नाही. वहिनीले म्हने, "मयतीचं कारन सांगून राहिले. दुखनं मयतीचं नाही, नाल्याचं आहे. उद्या काळे टिळे कोन्या गल्लीत जातीन मले माहीत आहे. मंग पुन्हा कोनी तरी कोनाच्या तरी अंगनात उभं राहीन."

हनुमान जयंतीले भाऊ नवी चप्पल घालूनच आला. लोकायले वाटलं मानला. भांडे पुढं मांडले होते. भाऊ उभा राह्यला, एकही नाव वाचलं नाही. चाबी भैय्याजीच्या पुढं ठेवली. म्हने, "माह्या बापानं एकच खोली बांधली होती. दोन खोल्यायचा अर्थमंत्री व्हायले मले येत नाही." अन् मांडवातून कर्र कर्र करत निघून गेला. मी मांगं मांगं पळाली. मले रडू येऊन राहिलं होतं अन् छातीही फुगून आली होती. दोन्ही एकदमच.

भूमिकेले फोनवर सांगतलं तं ती म्हने, "बाबा, इथंही असं होते. मोठ्या मंत्र्यासंग पटलं नाही तं अर्थमंत्री राजीनामा देऊन मोकळा होते."

भाऊ म्हने, "मंग त्याले जोडे वापस मांगतात का?"

हसवायचा, पन घरात बसून वाळून गेला मानूस. सकाळी उठला का हात शिवशिवायचे. आमच्या रांधनीतले पातेले उचलून ठोकायचा. वहिनी म्हने, "घरातले ठोकू नोका, हे माह्या माहेरचे आहेत."

तिकडं खोलीत पेंटर आला, लाल अन् काळ्या रंगाचे डबे घेऊन. अन् मंग जे झालं ते कोनाच्या ध्यानातच आलं नव्हतं. भांड्यावर नाव आहेत ना. पहिल्याच परातीले काळा टिळा लागला तं तिच्यावरच्या नावाचा नातू धावत आला. "माह्या आजोबाची परात अशुभ काहून?" पेंटरनं पुसून लाल लावला. दुसरा आला, "माह्या मायचा गंज काळ्यात काहून?" तोही लाल. संध्याकाळपर्यंत दारात रांग. बाया घरचं काम सोडून आल्या, आपल्या सासऱ्याचं नाव लाल झालं का नाही ते पाहायले. पेंटर म्हने, भैय्याजी, काळा डबा वापस घेता का. शेवटी काळ्यात राह्यलं काय, तं एक गळकी बादली अन् एक बिनदांड्याची कढई, जिच्यावरचं नाव झिजलं होतं.

मंग मोहल्ल्यात मयत झाली का भांडेच नाही. बिछायत केंद्रातून भाड्यानं आना. ज्यायच्याजवळ पैसा नव्हता ते नाल्यापलीकडचे एकमेकायच्या घरचे छोटे छोटे पातेले गोळा करून जेवन करायचे. भाऊले हे समजलं का उठून आत जायचा. नवीन भांडंही कोनी देईना. जे आपल्या वाईट दिवसात कामी येत नाही ते काहून द्यावं.

असं चाललं होतं, अन् मंग भैय्याजीची आई वारली. भरल्या वयात गेली. साऱ्या मोहल्ल्याले तिचा जीव. तिनं जिवंतपनी सांगून ठेवलं होतं का माह्या तेरवीचा भात माह्या नावाच्या गंजात शिजवा. अन् गंजावर तं लाल टिळा. भैय्याजीनंच लावून घेतलेला, सगळ्यात पहिला, सगळ्यात मोठा.

बिछायतचे पन्नास गंज आनता आले असते त्यायले. पन आईचा शब्द.

भैय्याजी आमच्या घरी आले. डोकं भादरलेलं, टोपी घातलेली. अंगनात उभे राह्यले. भाऊ आत जेवून राहिला होता. मले वाटलं आता उभं ठेवन, चांगलं ऊन होईपर्यंत. त्याच्या जागी मी असती तं ठेवलं असतं. पन भाऊ खरकट्या हातानंच बाहेर आला अन् म्हने, "अगा, बसा ना. उभे काहून?" मले म्हने, "प्रेमा, खुर्ची आन वं."

भैय्याजी बसले. मंग म्हने, "आईचा गंज पाह्यजे होता."

"न्या ना. तुमच्याच आईचा आहे."

"लाल आहे ना गा तो."

"मंग तुमच्या मंडळाले विचारा."

भैय्याजीनं मान खाली घातली. म्हने, "चंपतराव, झालं ते झालं. पुसून टाकतो टिळा."

भाऊ म्हने, "एकाचा पुसला तं तुमची आई तेवढी वेगळी पडन. ती सगळ्यायच्यात बसनारी बाई होती. पुसायचे तं सगळे."

त्याच दुपारी दोघं खोलीत बसले. भाऊनं घासलेटाचा डबा अन् वीटकरीचे तुकडे घेतले. प्रशिकही आला, दोन मानसं अजून आले. भैय्याजी, ज्यायनं घरी कधी पान्याचा ग्लास उचलला नाही, ते मांडी घालून परात घासून राहिले होते. भाऊ मधूनच म्हने, "भैय्याजी, गोल घासा, गोल. किराना तोलून राहिले का?" अन् आईच्या सुतकात तेही हसले. तेरवी त्याच गंजात झाली. आधी नाल्यापलीकडची पंगत बसली अन् मंग इकडची, काहून का भैय्याजीनं तसं सांगतलं. चाबी भाऊच्या हातात देली. त्या वर्षी हनुमान जयंतीले चपलेची वर्गनी झाली नाही, भैय्याजीनं एकट्यानं आनली. भाऊनं तळवा पाह्यला अन् घातली.

त्याच्यानंतर शेवटपर्यंत खोली एकच राह्यली. बारशाचे भांडे तेरवीले गेले, तेरवीचे लग्नाले गेले, कोनाचं काही वाकडं झालं नाही. मोहल्ल्यातले पोरं बाहेर शिकाले गेले, लॉन झाले, कॅटरर झाले, तरी आमची खोली चालू आहे. भाऊच्या मातीले साऱ्या गल्ल्यायचे लोक होते. खांदा द्यायले रांग होती. मी बाई मानूस, लांबून पाहून राहिली होती, पन मी मोजत नव्हती, नुसती पाहून राहिली होती. माह्या भाऊनं कोनाले उभं ठेवलं नाही, अन् त्याच्यासाठी एवढे उभे होते.

पन खरं सांगते, सुतकाच्या दिवसात माह्या कानावर पुन्हा येऊन राहिलं होतं. आता चंपतराव नाही, आता कोन भांडते, वेगळे करून टाका, कुजबुज. चाबी कुसुमवहिनीच्या कमरेले, ती बिचारी दुःखात, तिले काय विचारावं. मले त्या दिवसात भाऊ गेल्याचं जेवढं दुःख होतं तेवढीच ही धास्ती होती. भाऊची खोली त्याच्या मांगं दोन होते का काय.

भाऊची तेरवी खोलीतल्याच भांड्यायवर झाली. वरन, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, बुंदी. लोक जेवून गेले. चार वाजून गेले असन, मी अन् शेजारच्या बाया नळावर पराती घासून राहिलो होतो. तं भैय्याजीची सून अश्लेषा आली, संग प्रशिकचा ऑटो. अश्लेषा म्हंजे तीच, जिच्या लग्नात तो सारा गोंधळ झाला होता. उद्या तिच्या ननंदेची, मिनलची हळद.

म्हने, "आत्याबाई, चार पराती अन् दोन गंज पाह्यजे."

बाया एकमेकीकडं पाहाले लागल्या. मी हात थांबवले. म्हनलं, "अश्लेषा, हे आत्ताच तेरवीतून निघाले वं बाई. ओले आहेत अजून."

"माहीत आहे ना, मी इथंच जेवून गेली," ती म्हने. "सासरेबुवायनंच सांगतलं, हेच आन म्हून. फडकं कुठं आहे?"

मी वाळत घातलेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा देला. तिनं ओढनी कमरेले खोचली, माह्या बाजूले उकिडवी बसली अन् परात पुसायले लागली.